क्लबच्या इतिहासातले सर्वोत्तम खेळाडू: क्रमवारी लावायची कशी

अशा याद्या बहुतेक वेळा उलट्या बाजूने तयार होतात. आधी मनातली नावे कागदावर उतरतात आणि मग त्यांना शोभतील असे निकष शोधले जातात. निकष सापडतोही, कारण प्रत्येक मोठ्या खेळाडूच्या बाजूने बोलणारा एखादा आकडा असतोच. म्हणून क्रम बदला: आधी प्रश्न ठरवा, मग नियम, मग आकडे, आणि नावांची उतरंड अगदी शेवटी. उदाहरणासाठी इथे मँचेस्टर युनायटेड हा इंग्लिश फुटबॉल क्लब घेतला आहे. १८७८ पासूनचा इतिहास, दोन महायुद्धे, एक विमान अपघात, २० लीग विजेतेपदे आणि मधली कोरडी दशके, यांमुळे क्रमवारी लावताना येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका क्लबमध्ये भेटतात. पद्धत मात्र कोणत्याही क्लबला चालते.

प्रश्न एका वाक्यात लिहा

"सर्वोत्तम" या शब्दाखाली किमान तीन प्रश्न दडलेले असतात. ही जर्सी घातलेल्यांपैकी सर्वांत मोठा फुटबॉलपटू कोण? या क्लबसाठी सर्वाधिक कामगिरी कोणाची? आणि चाहत्यांच्या मनात सर्वांत वर कोण? पहिल्या प्रश्नाला क्रिस्तियानो रोनाल्डो हे उत्तर सहज देता येते. दुसऱ्याला रायन गिग्ज किंवा बॉबी चार्ल्टन. तिसऱ्याला एरिक कँटोना म्हणणारे हजारोंनी भेटतील. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाच यादीत तिन्ही प्रश्न मिसळले की दर दोन ओळींनी मोजपट्टी बदलते आणि वाचकाला ते लगेच जाणवते.

आमची शिफारस अशी: "या क्लबच्या जर्सीत, अधिकृत सामन्यांत, सर्वांत मोलाची कामगिरी कोणाची?" हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवा, कारण त्यातून बरेच निर्णय आपोआप सुटतात. रोनाल्डोने रेआल माद्रिदसाठी केलेले ४५० गोल इथे शून्य. डेनिस लॉचे मँचेस्टर सिटी आणि तोरिनोमधले दिवस शून्य. ओले गुन्नार सोल्स्कियारची प्रशिक्षक म्हणून कारकीर्दही शून्य. चार्ल्टनने इंग्लंडसोबत जिंकलेला १९६६ चा विश्वचषकही मोजायचा नाही. त्याच वर्षी त्याला मिळालेल्या बॅलन डी'ओरमध्ये (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) त्या विश्वचषकाचा मोठा वाटा होता, म्हणून तो पुरस्कारही जपून वापरावा. लॉचा १९६४ चा आणि जॉर्ज बेस्टचा १९६८ चा पुरस्कार क्लबच्या खेळाशी अधिक घट्ट जोडलेला आहे.

कोण पात्र, काय मोजायचे

किमान सामन्यांची अट हवीच, नाहीतर एका झगमगत्या मोसमाचे पाहुणे यादीत शिरतात. पण आकडा ठरवण्याआधी त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे कोण उभे आहे ते पाहा. २०० सामन्यांची अट वरवर समंजस वाटते, पण तिने १८५ सामन्यांचा कँटोना, १७७ सामन्यांचा डंकन एडवर्ड्स आणि १९१ सामन्यांत १३१ गोल करणारा टॉमी टेलर हे तिघेही एका फटक्यात बाद होतात. युनायटेडसाठी १५० ही रेषा योग्य. दुसऱ्या क्लबसाठी ती १०० किंवा २०० असू शकेल. एकदा ठरली की मात्र एखाद्या लाडक्या नावासाठी ती हलवायची नाही.

दोन वेगवेगळ्या कालखंडांत खेळलेल्यांचे काय? आकडे एकत्र करा, पण तक्त्यात कालखंड वेगळे दाखवा. रोनाल्डोचे एकूण ३४६ सामने आणि १४५ गोल. त्यांपैकी २००३ ते २००९ या काळातले २९२ सामने आणि ११८ गोल हाच त्याच्या दाव्याचा खरा गाभा. पॉल स्कोल्सने २०११ मध्ये निवृत्ती घेतली आणि २०१२ च्या जानेवारीत तो परतला. त्याचे ७१८ सामने सलग समजले तरी निष्कर्ष बिघडत नाही.

मैत्रीपूर्ण सामने सरसकट बाहेर ठेवा. ही अट नसली तर काय होते ते बार्सिलोनाच्या इतिहासात दिसते. पाउलिनो अल्कान्तराच्या नावावर वर्षानुवर्षे ३५७ सामन्यांत ३६९ गोल सांगितले जात, पण त्यात मैत्रीपूर्ण सामने धरलेले होते. त्यामुळे लिओनेल मेस्सीने क्लबसाठी सर्वाधिक गोलांचा विक्रम दोनदा मोडला: २०१२ मध्ये सेसार रॉड्रिगेझचा अधिकृत सामन्यांमधला २३२ गोलांचा, आणि २०१४ मध्ये अल्कान्तराचा सगळे सामने धरून असलेला. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या, मोजण्याची रीत वेगळी होती. युद्धकाळात इंग्लंडमध्ये झालेल्या प्रादेशिक स्पर्धांचेही तेच. त्या अधिकृत धरल्या जात नाहीत. १९३९-४० चा लीग मोसम तर तीन सामन्यांनंतर थांबला आणि नोंदींतून वगळला गेला.

आकडे एकाच स्रोतातून घ्या. चॅरिटी शील्ड, क्लब विश्वचषक यांसारखे सामने कोणी धरतात, कोणी सोडतात. म्हणून दोन ठिकाणच्या नोंदींत पाच-दहा सामन्यांचा फरक येतो. क्लबची अधिकृत नोंद असेल तर ती घ्या. गोल एका ठिकाणाहून आणि सामने दुसरीकडून, असे कधीही करू नका. सरासरी तिथेच चुकते.

लांब यादी: चाळीस ते पन्नास नावे

पहिल्या वीसची यादी करायची असेल तर सुरुवातीला किमान चाळीस नावे हवीत. सर्वाधिक सामने खेळलेले पहिले २५ आणि सर्वाधिक गोल करणारे पहिले २५ घ्या. बरीच नावे दोन्हीकडे असतील. त्यात प्रत्येक विजेतेपदाच्या मोसमाचा कर्णधार मिळवा. क्लबचा वार्षिक पुरस्कार असेल तर त्याचे मानकरी घ्या. युनायटेडमध्ये मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार १९८८ पासून आहे, म्हणजे तो अर्ध्याहून कमी इतिहासावर बोलतो, हे लक्षात असू द्या.

एवढे झाले की नावे काळानुसार मांडा: पहिल्या महायुद्धापूर्वी, दोन युद्धांच्या मध्ये, १९४६ ते १९५८, १९५८ ते १९७४, तिथून १९९० पर्यंत, १९९० ते २०१३, आणि त्यापुढे. आता रिकामे कप्पे पाहा. प्रत्येक कप्प्यात एक गोलरक्षक आणि दोन बचावपटू तरी असलेच पाहिजेत. नसतील तर शोधून घाला. पुढे ते गळतील तर गळोत, पण विचारात न घेतल्यामुळे गळू नयेत.

दोन युद्धांमधला कप्पा हमखास ओस पडतो, कारण त्या काळात युनायटेडने एकही मोठा करंडक जिंकला नाही. जो स्पेन्सने त्याच वर्षांत ५१० सामने खेळून १६८ गोल केले. गोलांची ही संख्या गिग्जइतकीच आहे, आणि गिग्ज ९६३ सामने खेळला. स्पेन्स पहिल्या दहात येईलच असे नाही, पण ज्या यादीत त्याचा विचारही झालेला नाही ती क्लबच्या इतिहासाची यादी नव्हे.

तक्ता भरताना

प्रत्येक खेळाडूसाठी एक ओळ. रकाने असे: मोसम, एकूण सामने, त्यांपैकी सुरुवातीपासून किती आणि बदली म्हणून किती, लीगमधले गोल, एकूण गोल, पेनल्टी, नियमित खेळाडू म्हणून जिंकलेले करंडक, वैयक्तिक पुरस्कार, अंतिम सामने, आणि शेवटी एक मोकळा रकाना टिपणांसाठी.

इथे सर्वाधिक घडणारी चूक म्हणजे माहिती नाही तिथे शून्य लिहिणे. असिस्टची, म्हणजे गोलाआधीच्या शेवटच्या पासची, सलग, विश्वासार्ह नोंद इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या (१९९२ पासूनच्या) काळातली. बिली मेरेडिथ पहिल्या महायुद्धाच्या आधी उजव्या बाजूने चेंडू आत टाकत असे, तेव्हा असिस्ट कोणी मोजत नव्हते. त्याच्या ३३५ सामन्यांत ३६ गोल आहेत. असिस्टच्या रकान्यात शून्य टाकले तर १९०८ आणि १९११ च्या विजेत्या संघातला हा विंगर सामान्य ठरतो. तिथे रेघ मारा, आणि ज्या रकान्यात अर्ध्याहून अधिक ओळींना रेघ आहे तो रकाना गुणांसाठी वापरूच नका.

बदली खेळाडूंचा रकानाही याच कारणासाठी. इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडू १९६५ मध्ये आला, तोही आधी फक्त दुखापत झाली तर. त्यापूर्वीचा प्रत्येक सामना म्हणजे पूर्ण ९० मिनिटे. आजच्या ५०० सामन्यांत शेवटच्या वीस मिनिटांचे शंभर सामने असू शकतात.

गोल आणि काळ

वेन रूनी: ५५९ सामने, २५३ गोल. चार्ल्टन: ७५८ सामने, २४९ गोल. लॉ: ४०४ सामने, २३७ गोल. रूड फान निस्टलरॉय: २१९ सामने, १५० गोल. नुसत्या बेरजेने रूनी पहिला. सामन्यामागे काढले तर फान निस्टलरॉय ०.६८, लॉ ०.५९, रूनी ०.४५, चार्ल्टन ०.३३. चार्ल्टन बराच काळ मधल्या फळीत खेळला, त्याला निखळ स्ट्रायकरच्या मोजपट्टीने मोजणे अन्याय. पण उरलेल्या तिघांचीही तुलना अजून पूर्ण झालेली नाही, कारण गोल करणे प्रत्येक काळात सारखे सोपे नव्हते.

त्या मोसमात लीगमध्ये सामन्यामागे एकूण किती गोल होत होते, ते काढा. २० संघांच्या लीगमध्ये ३८० सामने होतात, २२ संघांच्या लीगमध्ये ४६२. मोसमातले एकूण गोल या संख्येने भागा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या अव्वल विभागात हा आकडा तीनच्या बराच वर होता आणि दशक संपताना अडीचच्या आसपास उतरला. समजा, एकाने ३.४ सरासरीच्या मोसमात २० गोल केले आणि दुसऱ्याने २.६ सरासरीच्या मोसमात १६. वीसला ३.४ ने भागले की ५.९ येतात, सोळाला २.६ ने भागले की ६.२. म्हणजे सोळा गोलांचा मोसम किंचित वरचढ. हा भागाकार प्रत्येक मोसमासाठी वेगळा करावा लागतो. "साठच्या दशकात गोल स्वस्त होते" असे म्हणून लॉच्या सगळ्या कारकिर्दीला कात्री लावली तर त्याची शेवटची वर्षे, जेव्हा गोल महाग झाले होते, विनाकारण कापली जातात.

दुसरा उपयोगी आकडा म्हणजे संघाच्या गोलांमधला वाटा. २००७-०८ मध्ये रोनाल्डोने लीगमध्ये ३१ गोल केले आणि संघाचे एकूण ८०, म्हणजे जवळपास ३९ टक्के. १९६७-६८ मध्ये बेस्टचे २८ आणि संघाचे ८९, म्हणजे साधारण ३१ टक्के. दोघेही मुळात विंगर. या एका हिशेबातून रोनाल्डोचा तो मोसम किती अवाढव्य होता ते कळते, आणि बेस्ट इतका मागे नाही हेही कळते.

गोल कधी झाला, हे मात्र कोणत्याही सरासरीत दिसत नाही. सोल्स्कियारने ६ फेब्रुवारी १९९९ रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध बदली म्हणून येऊन चार गोल केले. तो मैदानात उतरला तेव्हा युनायटेड ४-१ ने पुढे होता, निकाल लागलेला होता. त्याच वर्षी २६ मे रोजी बार्सिलोनात बायर्न म्युनिकविरुद्ध त्याने नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत एक गोल केला आणि चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. तक्त्यात चार आणि एक. क्लबच्या इतिहासात तो एक गोल त्या चारांपेक्षा कितीतरी जड. म्हणून टिपणांच्या रकान्यात प्रत्येक खेळाडूचे बरोबरी साधणारे किंवा विजय देणारे मोठे गोल नावानिशी लिहा. १९९६ च्या मार्चमध्ये न्यूकॅसलच्या मैदानावरचा कँटोनाचा एकमेव गोल अशा टिपणाला अगदी योग्य: तो सामना १-० ने जिंकला नसता तर त्या मोसमाची शर्यत वेगळ्याच वळणावर गेली असती.

गोलरक्षक आणि बचावपटू

याद्या इथेच सर्वाधिक लंगड्या पडतात. गोलरक्षकासाठी एकही गोल न स्वीकारलेल्या सामन्यांचे प्रमाण काढा. नुसती संख्या घेतली तर डेव्हिड डी हेया १९० सामन्यांसह पीटर श्मायकेलच्या १८० ला मागे टाकतो. पण डी हेया ५४५ सामने खेळला आणि श्मायकेल ३९८. प्रमाण काढले तर डी हेया ३५ टक्के, श्मायकेल ४५ टक्के. एवढ्यावर निकाल देऊ नका. श्मायकेलसमोर बहुतेक काळ स्टीव्ह ब्रूस आणि गॅरी पॅलिस्टरची जोडी होती, डी हेयासमोरची फळी दरवर्षी बदलत होती आणि संघही कमकुवत होता. तरीही श्मायकेल वर राहतो, आणि त्याला आधार आहे पाच लीग विजेतेपदांचा व १९९९ च्या अंतिम सामन्यातल्या कर्णधारपदाचा.

एडविन फान डर सारसाठी २००८-०९ चा मोसम समोर ठेवा: लीगमध्ये सलग १४ सामने आणि १,३११ मिनिटे गोल नाही. हा विक्रम एकट्याचा नव्हे, त्यात नेमान्या विदिच आणि रिओ फर्डिनंडचाही वाटा आहे. म्हणून बचावफळीतल्या खेळाडूंचे गुण त्याच फळीतल्या दुसऱ्यांशी ताडून पाहा. एकाला नऊ दिले आणि शेजारच्याला पाच, तर त्या फरकाचे कारण लिहिता आले पाहिजे.

"तो होता तेव्हा आणि नव्हता तेव्हा" ही कसोटी बचावपटू व मिडफिल्डर यांच्यासाठी कामाची, पण धोक्याचीही. कँटोना १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये आला. युनायटेडने १९६७ नंतर लीग जिंकली नव्हती. त्याच्या पाच मोसमांत चार विजेतेपदे आली, आणि जे हुकले त्या १९९४-९५ मध्ये तो जानेवारीपासून बंदीमुळे बाहेर होता. ब्लॅकबर्न ८९, युनायटेड ८८. पुरावा भक्कम आहे. पण हीच कसोटी आंधळेपणाने लावली तर लॉ गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९६८ चा युरोपियन कपचा (आताची चॅम्पियन्स लीग) अंतिम सामना खेळला नाही आणि संघ ४-१ ने जिंकला, म्हणून त्याची गरजच नव्हती असाही निष्कर्ष निघेल. एका सामन्यावर ही कसोटी कधीच लावू नका. किमान अर्धा मोसम हवा.

करंडकांची गोम

पदके मोजणे सर्वांत सोपे, आणि म्हणूनच त्यांना फाजील वजन मिळते. मेरेडिथच्या काळात जिंकण्यासारखे म्हणजे लीग आणि एफए कप. युरोपियन कप १९५५-५६ मध्ये सुरू झाला, इंग्लंडचा लीग कप १९६०-६१ मध्ये. आजचा खेळाडू एका मोसमात चार-पाच करंडकांसाठी खेळतो. त्यामुळे बेरीज न करता प्रमाण पाहा: तो नियमित खेळत असलेल्या मोसमांपैकी कितींमध्ये संघाने लीग किंवा युरोपातली सर्वोच्च स्पर्धा जिंकली?

"नियमित" याची व्याख्याही आधी करा. लीगच्या निम्म्या सामन्यांत सुरुवातीपासून, ही रेषा ठीक. प्रीमियर लीगचे पदक मिळायला पूर्वी दहा सामने लागत, नंतर पाच पुरू लागले. पदकांची संख्या घेतली तर पाच सामने खेळलेला आणि ३८ सामने खेळलेला एकाच मापात येतात.

उलट टोकाला, संघ जिंकला नाही म्हणून खेळाडू लहान होत नाही. लिव्हरपूलच्या यादीत स्टीव्हन जेरार्ड लीग विजेतेपदाशिवाय अगदी वर बसतो, आणि ते योग्यच आहे. युनायटेडमध्ये ब्रायन रॉब्सन हे तसे उदाहरण: ४६१ सामने, ९९ गोल, कर्णधार म्हणून तीन एफए कप, आणि लीगचे यश अगदी कारकीर्द उतरताना. ऐंशीच्या दशकात हा संघ कोणाच्या खांद्यावर उभा होता हे त्याच्या पदकांवरून कळणार नाही.

गुण द्या, मग गुणांवर संशय घ्या

शंभर गुणांची ही वाटणी बहुतेक क्लबांना चालते: शिखर ३०, सातत्य २०, करंडकांतला वाटा २०, मोठे सामने १५, क्लबवर उमटलेला ठसा १५. शिखर म्हणजे सर्वोत्तम तीन मोसम, सलग नसले तरी चालतील. ठसा म्हणजे खेळाडूमुळे क्लबमध्ये काय बदलले. लोकप्रियता वेगळी. प्रत्येक निकषावर शून्य ते दहा गुण द्या, वजनाने गुणा आणि दहाने भागा. एका बैठकीत एकच निकष सगळ्या खेळाडूंसाठी भरा. एकेका खेळाडूची पूर्ण ओळ भरत गेलात तर पहिल्या रकान्यातला नऊचा आकडा पुढच्या सगळ्या रकान्यांना वर ओढतो.

तीन खेळाडूंवर करून पाहू. चार्ल्टन: शिखर ९, सातत्य १०, करंडक ८, मोठे सामने ९, ठसा १०. वजन लावून ९१.५. गिग्ज: ७, १०, १०, ८, ८, म्हणजे ८५. कँटोना: ९, ४, ८, ८, १०, म्हणजे ७८. कँटोनाला मोठ्या सामन्यांत आठच, कारण एफए कपच्या दोन अंतिम सामन्यांत त्याने गोल केले, पण युरोपातली त्याची कामगिरी त्या उंचीची नव्हती.

आता वजने हलवा. शिखराला ४०, सातत्याला १० करा. चार्ल्टन ९०.५, कँटोना ८३, गिग्ज ८२. चार्ल्टन जागचा हलला नाही, पण कँटोना गिग्जच्या पुढे गेला. म्हणजे पहिली जागा पक्की आहे, आणि गिग्ज व कँटोना यांच्यातला क्रम तुम्ही शिखराला किती मान देता यावर ठरतो. हा प्रयोग संपूर्ण यादीवर करा. वजनात दहाचा फरक केल्यावर जो खेळाडू तीनपेक्षा जास्त जागा सरकतो, त्याच्या नावापुढे खूण करा. वाद तिथेच होणार आहे, आणि लेखनात जास्त ओळी त्यालाच द्यायच्या आहेत.

दशांशावर क्रम ठरवू नका. ८५ आणि ८४.५ यांत फरक नाही. गुणांवरून खेळाडूंचे चार गट करा. पहिल्या गटात पाच-सहाच नावे, ज्यांच्याशिवाय क्लबचा इतिहास लिहिताच येत नाही. मग प्रत्येक गटाच्या आत दोघादोघांना समोरासमोर ठेवा. सहा जणांच्या गटात १५ जोड्या होतात, ते जमण्यासारखे आहे. वीस जणांच्या १९० होतात, त्या फंदात पडू नका. लॉ की रूनी? लॉची गोलांची सरासरी जास्त, १९६३-६४ मधले ४६ गोल हा क्लबचा एका मोसमातला विक्रम. रूनीकडे पाच लीग विजेतेपदे, २००८ ची चॅम्पियन्स लीग आणि एकूण गोलांचा विक्रम, तोही रोनाल्डोसाठी अनेकदा बाजूला सरकून खेळत असताना. आमच्या मते शिखरावर लॉ, सातत्यावर रूनी, आणि या वजनांनी लॉ अर्ध्या पावलाने पुढे. जोड्या लावताना अ हा ब च्या वर, ब हा क च्या वर आणि क पुन्हा अ च्या वर असे चक्र तयार झाले, तर मधेच कुठेतरी निकष बदलला आहे. त्या तीन जोड्या पुन्हा तपासा.

अपुऱ्या राहिलेल्या कारकिर्दी

डंकन एडवर्ड्स म्युनिकच्या ६ फेब्रुवारी १९५८ च्या विमान अपघातानंतर पंधरा दिवसांनी गेला. वय २१. तोवर १७७ सामने, २१ गोल, दोन लीग विजेतेपदे, इंग्लंडसाठी १८ सामने. त्याच्याबद्दल लिहिताना हात थरथरतो, आणि म्हणूनच नियम आधी हवा: जे घडले तेवढ्याचेच गुण. शिखरावर त्याला पूर्ण न्याय द्या, सातत्यावर जे आहे तेच लिहा, आणि न खेळलेल्या मोसमांचे गुण देऊ नका. तेवढ्यावरही तो पहिल्या पंधरात येतो. जगला असता तर कुठवर गेला असता याचे गुण द्यायला लागलात, तर ते त्याच अपघातात गेलेल्या टेलरलाही द्यावे लागतील, आणि गुडघ्याने संपलेल्या प्रत्येकाला.

युद्धात गेलेल्या मोसमांचे वेगळे. जॉनी कॅरी १९३६ मध्ये क्लबकडे आला आणि १९५३ पर्यंत होता. जॅक रोलीने ४२४ सामन्यांत २११ गोल केले. दोघांचीही ऐन उमेदीची सहा-सात वर्षे अधिकृत फुटबॉलशिवाय गेली. सातत्य मोजताना ती वर्षे भाजकातून काढून टाका: उपलब्ध मोसमांपैकी किती मोसम तो नियमित खेळला, एवढेच पाहा. काल्पनिक गोल मिळवू नका, पण वय वाढल्याची शिक्षाही देऊ नका.

एकापेक्षा जास्त जण यादी करत असतील तर

पाच ते सात जण पुरेत. प्रत्येकाने चर्चेआधी आपली यादी लिहून द्यायची. एकदा बोलणे सुरू झाले की सर्वांत ठाम आवाजाच्या माणसाची यादी सगळ्यांची होते. वयाची विविधता ठेवा, नाहीतर १९९० नंतरचाच संघ पहिल्या दहात भरतो. क्रमांक एकत्र करताना सरासरीऐवजी मधला क्रमांक घ्या. एखाद्याला पाच जणांनी ३, ४, ४, ५ आणि १९ अशा जागा दिल्या, तर सरासरी ७ येते आणि मधला क्रमांक ४. चौघांचे मत चारच्या आसपास असताना एका टोकाच्या मताने खेळाडू सातवा व्हायला नको. मात्र १९ देणाऱ्याला कारण विचारा. कधीकधी त्यानेच तक्ता नीट पाहिलेला असतो.

लिहिताना

प्रत्येक खेळाडूला पाच-सहा ओळी पुरतात, पण त्यांत चार गोष्टी असाव्यात: एक आकडा, एक सामना, एक मर्यादा, आणि खालच्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा तो वर का. रॉय कीनची नोंद अशी होऊ शकते: ४८० सामने, सात लीग विजेतेपदे. १९९९ च्या उपांत्य फेरीत युव्हेंटसविरुद्ध संघ ०-२ ने मागे असताना त्याने हेडरने पहिला गोल केला. त्याच सामन्यातल्या पिवळ्या कार्डामुळे अंतिम सामना त्याला बाहेरून पाहावा लागला, तरी खेळ तसूभर सैल पडला नाही आणि संघ ३-२ ने जिंकला. मर्यादा: शिस्तभंगामुळे आणि दुखापतींमुळे गमावलेले महिने. स्कोल्सच्या वर, कारण मधल्या फळीची लय स्कोल्स ठरवत असला तरी संघाची पातळी कीन ठरवत होता.

मर्यादेची ओळ गाळू नका. ती नसली की नोंद स्तुतिपर होते आणि क्रमाला आधार उरत नाही.

मैदानाबाहेरचे वर्तन गुणांत धरायचे की नाही, हे सुरुवातीलाच ठरवून यादीच्या वर लिहा. आमचा कल न धरण्याकडे आहे, पण वर्तनामुळे खेळच बुडाला असेल तर तो फटका सामन्यांच्या संख्येतून आपोआप बसतो. बेस्ट युनायटेडमधून गेला तेव्हा २७ वर्षांचा होता. सातत्याच्या रकान्यात ते दिसतेच.

सध्या क्लबमध्ये खेळत असलेल्यांना एकतर वेगळ्या यादीत ठेवा, नाहीतर पाच पूर्ण मोसमांची अट घाला. यादीवर तारीख, आकडे कोणत्या मोसमापर्यंतचे आहेत ते, आणि वजनांची वाटणी ठळकपणे द्या. पुढची दुरुस्ती मोसम संपल्यावरच करा. करंडक जिंकल्याच्या आठवड्यात केलेला बदल बहुधा पुढच्या वर्षी मागे घ्यावा लागतो. जुनी आवृत्ती पुसून टाकू नका, कोण किती जागा सरकला आणि का, हे नव्या यादीत नावापुढे लिहा.